विहिरीतल्या गाळाचं वय चुंबकावरून काढतात म्हणे, ते कसं?

द्राक्षमळा

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. आमच्या मेव्हण्यांची निफाड तालुक्यात कादवेच्या काठाला बाग आहे (थॉमसन, दुसरं काय असणार). तिथं नवीन विहिरीचं काम चालूय. वर काळी माती, मग पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे खडे, हे सगळं नेहमीचंच, पण तीसेक फुटाखाली एकदम निळसर राखाडी चिकण मातीचा पट्टा लागला, हातात घेऊन सोलला तर पापुद्रे सुटतात आणि मधेमधे बारीक गोगलगायींचे शंख. भाच्याच्या ओळखीचे एक कॉलेजातले सर बघायला आले होते, ते म्हणाले हा वाहत्या नदीचा गाळ नाही वाटत, साचलेल्या पाण्यातला आहे, एखादं जुनं तळं असेल. इथपर्यंत डोक्यात शिरलं. मग म्हणाले असल्या जुन्या तळ्यांच्या गाळाचं वय त्यातल्या चुंबकावरून काढता येतं, अगदी लाखो वर्षांपर्यंत. एवढं बोलून चहा पिऊन गेले आणि मी बसलो विचार करत.

आता मला सांगा गाळात चुंबक कुठून आलं? जुन्या स्पीकरचा चुंबक त्या मातीत फिरवून बघितला, काळी पूड चिकटली हे खरं, पण ती तर गंगेवरच्या (म्हणजे आपल्या गोदावरीच्या) वाळूतही चिकटते, लहानपणी सगळ्यांनीच केलंय. त्या पुडीवर तारीख थोडीच छापलेली असते? कार्बन डेटिंग ऐकून माहितीय, त्याला लाकूड नाहीतर कोळसा लागतो, ते समजू शकतो. पण चुंबकाचं काय ते पचत नाहीये. आणि दुसरं म्हणजे आमच्या विहिरीत हे जमेल का, का हे नुसतं परदेशातल्या मोठ्या सरोवरांचं काम आहे? आठ-दहा दिवसांत रिंगा टाकायच्या आहेत, मग सगळं झाकलं जाईल.

कातळकुट्या

दादा, झकास प्रश्न. मी एका पॅलिओमॅगच्या, म्हणजे खडक-गाळातलं जुनं चुंबकत्व मोजणाऱ्या लॅबमध्ये काही वर्षं सॅम्पल कापायची हमाली केलीय, त्यामुळे जमेल तसं लिहितो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

तुमच्या स्पीकरला चिकटलं ते मॅग्नेटाइट, आणि ते आपल्याकडे पोत्यानं आहे कारण अख्खा जिल्हा बसाल्टवर बसलाय. ब्रह्मगिरी, अंजनेरी, इकडे सप्तशृंगीची रांग, पावसानं कातळ झिजतो आणि ते कण गोदावरी, दारणा, कादवेतून खाली येतात. पाणी वाहतं आहे तोवर कण नुसते लोळत असतात, त्यांना दिशाबिशा काही नसते. पण जिथं पाणी थांबतं तिथं सगळ्यात बारीक कण, डोळ्याला न दिसणारे, सावकाश खाली बसतात आणि बसता बसता पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत वळतात. सगळे नाही वळत हां, बरेचसे आडवेतिडवेच पडतात, पण कोट्यवधी कणांची बेरीज केली की एका दिशेचा कल दिसतो. मग वरून आणखी गाळ येतो, खालच्या चिखलातलं पाणी पिळून निघतं, तो घट्ट होतो आणि कण जागच्या जागी अडकतात. म्हणजे त्या काळी उत्तर कुठे होती आणि सुई जमिनीत किती खाली झुकत होती हे त्या चिखलात बंद झालं. हे चुंबकत्व इतकं क्षीण असतं की साध्या होकायंत्राला पत्ताही लागत नाही, त्याला स्पिनर मॅग्नेटोमीटर नाहीतर द्रव हेलियमच्या थंडाव्याएवढ्या तापमानावर चालणारं स्क्विड मशीन लागतं.

आता वयाचं. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात, म्हणजे आज सुईचं जे टोक उत्तर दाखवतं ते दक्षिण दाखवायला लागतं. फ्रान्समध्ये बर्नार्ड ब्रून्हस यांना १९०६ च्या सुमारास लाव्हाखाली भाजून निघालेली माती सापडली, ती माती आणि वरचा लाव्हा दोन्ही उलट्या दिशेचे. (असे भाजलेल्या मातीचे लाल पट्टे आपल्याकडे घाटात दोन लाव्हांच्या मधे दिसतात, गाडीतून जाताना बघा.) मग जपानच्या मोटोनोरी मातुयामा यांनी १९२९ ला दाखवलं की उलटे खडक वयानं जुने आणि सरळ खडक नवे, म्हणजे हा प्रकार काळाशी बांधलेला आहे. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत कॉक्स, डोएल आणि डॅलरिम्पल या तिघांनी लाव्हांचं पोटॅशियम-आर्गॉन या किरणोत्सर्गावरच्या पद्धतीनं वय काढून शेजारी चुंबकाची दिशा मांडली आणि उलटापालटीचं वेळापत्रक तयार झालं. आज ते असं आहे: गेली ७ लाख ७३ हजार वर्षं सरळ, याला ब्रून्हस कालखंड म्हणतात. त्याच्या आधी २५ लाख ८० हजार वर्षांपर्यंत मातुयामा, मुख्यतः उलट, पण त्यात दोन-चार छोटे सरळ तुकडे आहेत, त्यातला हारामियो ९.९ ते १०.७ लाख आणि ओल्डुवाई १७.८ ते १९.५ लाख. त्याच्याही आधी गॉस, सरळ, ३६ लाखांपर्यंत. असं मागे मागे जात राहायचं.

म्हणजे मेख अशी की चुंबक आकडा सांगत नाही. चुंबक फक्त सरळ का उलट एवढंच सांगतं. आपण नाशिकरोडहून रात्रीच्या गाडीत बसलो, डोळा लागला, मधेच जाग आली आणि खिडकीतून एवढंच दिसलं की फलाट डावीकडे आला, मग बराच वेळ काही नाही, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. क्रम पाठ असला तरी निदान एका स्टेशनाची पाटी वाचता आली पाहिजे, नाहीतर घोटी का इगतपुरी हे कसं कळणार? गाळात ती पाटी म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा एखादा थर, किंवा ओळखीच्या प्राण्याचं हाड, किंवा दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मिळालेलं वय. एक पाटी मिळाली की मग पुढची-मागची स्टेशनं पटापट लागतात.

पाथर्डीफाटा

मस्त माहिती. ट्रेकवाल्यांना यातलं अर्धं न शिकता माहिती असतं, हरिहरला कातळावर होकायंत्र टेकवलं की उत्तर भरकटते, हातात धरलं की ताळ्यावर येते. आमच्या ग्रुपमधे एकजण त्यावरून किल्ल्यात काहीतरी शक्ती आहे म्हणून फॉरवर्ड फिरवत होता, असो.

माझा प्रश्न वेगळाय. मी वाचलं होतं की घाटातला कातळ बराचसा उलट्या चुंबकत्वाचाच आहे. मग त्याच कातळाचा चुरा होऊन झालेला निफाडचा गाळ पण उलटाच निघणार ना? म्हणजे सर मोजायला जातील कालच्या पुरातला गाळ आणि उत्तर येईल काही कोटी वर्षं.

कातळकुट्या

हा प्रश्न व्हायव्हात विचारतात आणि पोरं गडबडतात.

कातळ उलटा आहे हे बरोबर. सह्याद्रीतल्या लाव्हांचा मोठा भाग २९ आर नावाच्या उलट्या कालखंडात ओतला गेला, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोर संपले तोच काळ त्यात येतो. महाबळेश्वरला वरच्या थरांत दिशा पुन्हा सरळ होते. या कातळाचं चुंबकत्व ब्रिटिश संशोधकांनी १९५० च्या दशकात मोजलं, त्यातून कळलं की लाव्हा थिजला तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला २५-३० अंशांवर होता. भूखंड सरकतात यावर तेव्हा अर्ध्या जगाचा विश्वास नव्हता आणि ते पटवून देणाऱ्या पुराव्यांत आपला काळा दगड होता, हे शाळेत सांगत नाहीत ते सांगायला पाहिजे.

पण गाळाचं तसं नाही. लाव्हा ५८० अंशांच्या खाली थंड होताना मॅग्नेटाइटमधे दिशा कोंडली जाते, ती त्या कणाच्या स्वतःच्या अंगात असते. तो कण कातळातून सुटला की अख्खाच्या अख्खा मोकळा, नदीत हजार कोलांट्या खाणार. त्याला उत्तर टोक आणि दक्षिण टोक आहे एवढं पक्कं, पण तो कण पूर्वी कातळात कुठल्या अंगावर झोपला होता ते पुसलं गेलं. शेवटी तळ्यात बसताना तो त्या दिवशीच्या क्षेत्राप्रमाणे वळतो. कालच्या पुराचा गाळ मोजलात तर आजचीच उत्तर मिळेल. मोठ्या गोट्यांचं मात्र वेगळं, गोटा वजनानं पडतो, चुंबकाचं ऐकत नाही, म्हणून नदीच्या गोट्यांचा थर मोजला तर प्रत्येकाची दिशा वेगळी येते. उलट तेच चांगलं असतं, गोट्यांच्या दिशा विस्कटलेल्या निघाल्या म्हणजे समजायचं दगडानं आपलं जुनं चुंबकत्व नीट जपलंय, नंतर सगळ्यांवर एकसारखं काही चढलेलं नाही.

अवांतर: क्षेत्र रोज थोडंथोडं बदलत असतं, त्याची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून यंत्रं बिघडतील या भीतीनं सगळा बाडबिस्तरा अलिबागला हलवला, १९०४ पासून तिथे मोजमाप चालू आहे.

अश्मयुगीण

दादा, तुमच्या भागात असं काही निघणं मुळीच नवलाचं नाही. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या गाळातून डॉ. हसमुख सांकलियांनी अश्मयुगीन हत्यारं गोळा केली, त्यावरचं त्यांचं काम डेक्कन कॉलेजनं १९५२ ला छापलं. आणि नांदूर मध्यमेश्वर, जे तुमच्या मेव्हण्यांच्या बागेपासून फार लांब नसावं, तिथे गोदावरीच्या गाळात पुरातन हत्तीची कवटी सापडल्याची नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीचीच आहे. आता तिथे लोक फ्लेमिंगो बघायला जातात, हत्तीचं कुणाला ठाऊक नाही. तेव्हा विहिरीत हाड दिसलं तर जेसीबीवाल्याला थांबवा, एवढी कळकळीची विनंती.

वयाच्या भानगडीबद्दल आमच्या पुरातत्त्वाच्या बाजूनं सांगते. जुन्नर तालुक्यात कुकडी काठी बोरी गाव आहे, तिथं नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढरा थर आहे आणि त्याच गाळात अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळतात. महाराष्ट्रात ज्वालामुखी गार होऊन सहा कोटी वर्षं झाली, त्यामुळे राख बाहेरून आलेली, इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची. पण टोबाच्या कुठल्या स्फोटाची? एकानं वय काढलं १४ लाख, मग आलं ६ लाख ७० हजार, आणि तिसऱ्यांनी सांगितलं नाही हो ही ७५ हजार वर्षांपूर्वीची. भारतात माणूस कधीपासून आहे याचं उत्तर त्या राखेवर टांगलेलं, आणि राखेच्या वयात वीसपटीचा फरक. आता कातळकुट्यांनी सांगितलंय ते इथं लावा: राखेला लागून असलेला गाळ जर खात्रीनं उलटा निघाला तर ७५ हजार बाद, कारण गेल्या पावणेआठ लाख वर्षांत एवढा वेळ क्षेत्र उलटं राहिलेलंच नाही. चुंबक स्वतः आकडा देत नसलं तरी दुसऱ्याचा चुकीचा आकडा खोडायला उपयोगी पडतं, आम्हाला त्याची गरज जास्त करून त्यासाठीच असते.

चेन्नईजवळ अत्तिरमपक्कमला हे प्रत्यक्ष झालं. शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ ला सायन्स या नियतकालिकात छापलं, हातकुऱ्हाडींच्या थरातला गाळ उलटा निघाला, आणि दगडांवर वैश्विक किरणांनी तयार झालेल्या ॲल्युमिनियम-बेरिलियमवरून वेगळं वय काढलं, दोन्ही जुळवून किमान १० लाख ७० हजार आणि सरासरी १५ लाख वर्षं. दोन्ही पद्धतींचा एकमेकींशी संबंध नाही म्हणून त्या उत्तराला वजन आहे.

शंकासूर

सगळं वाचलं, छान आहे पण मला यात एक पळवाट दिसते. तुमच्याकडे येणार काय तर सरळ-उलट-सरळ-उलट अशी पट्ट्यांची रांग. आणि जुळवायची कशाशी तर दुसऱ्या एका लांबलचक सरळ-उलट-सरळ-उलट रांगेशी. मग ती कुठेही जुळवता येईल की! ज्याला आपली जागा जुनी दाखवायचीय तो चार पट्टे मागे सरकवणार. शिवाय मधला गाळ वाहून गेला असेल तर दोन-तीन पट्टे गायबच. आणि तुम्ही म्हणता चिखलात दिशा बंद झाली, लाखो वर्षं ती तशीच राहिली हे कशावरून? मधल्या काळात पृथ्वीचं क्षेत्र काय सुट्टीवर होतं?

कातळकुट्या

शंकासूर, बरोबर जागेवर बोट ठेवलंत, तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि या क्षेत्रातली निम्मी भांडणं त्यावरच चालतात.

शेवटचं आधी घेतो. क्षेत्र सुट्टीवर नव्हतं, त्यामुळे जुन्या दिशेवर आजच्या दिशेचा लेप चढतो, विशेषतः मऊ चुंबकी कणांवर. म्हणून आणलेला नमुना थेट मोजून कुणी मोकळं होत नाही. तो थोडा तापवायचा, चुंबकीय क्षेत्र नसलेल्या भट्टीत गार करायचा, मोजायचा, मग आणखी तापवायचा, असं पायऱ्या पायऱ्यांनी ५८० पर्यंत, हेमेटाइट असेल तर ६७५-६८० पर्यंत. नाहीतर उलटसुलट बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावून हळूहळू वाढवत न्यायचं. वरचा लेप आधी उतरतो आणि आतली दिशा उघडी पडते. दिशा पायरीगणिक सरळ रेषेत शून्याकडे उतरत गेली तर ती धरायची, भरकटत असेल तर नमुना बाद. बाद होणारे नमुने भरपूर असतात, त्यावर आयुष्यं गेलीत लोकांची.

यातून एक गंमत निघते जी नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. नमुना उलटा निघाला तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण आजचं क्षेत्र कुणाला उलटं करू शकत नाही. सरळ निघाला तर मात्र संशय घ्यायचा, तो खरोखर सरळ काळातला असेल किंवा लेप पूर्ण उतरलाच नसेल.

तळ्याच्या गाळाची स्वतःची एक खोड आहे. तळाशी प्राणवायू नसतो, कुजकट काळा चिखल असतो, तिथे मॅग्नेटाइट विरघळतं आणि गंधक मिळून ग्रेगाइट नावाचं लोखंडाचं सल्फाइड तयार होतं, तेही चुंबकी. पण ते गाळ बसल्यावर कधीतरी नंतर जन्मतं, आणि जन्माच्या वेळची दिशा धरतं. म्हणजे थर दहा लाखांचा आणि चुंबकत्व नऊ लाखांचं असं होऊ शकतं. दादांचा निळसर राखाडी पट्टा म्हणूनच मला थोडा खटकतोय, प्राणवायू कमी असलेला चिखल तसाच दिसतो.

पट्टे सरकवण्याबद्दल: दोन-तीनच पट्टे असतील तर तुम्ही म्हणता तसं कुठेही बसवता येतात, आणि लोकांनी बसवलेतही. खूप पट्टे असले की त्यांच्या जाड-बारीक असण्याचा नमुना ओळखू यायला लागतो, कारण कालखंड एकसारख्या लांबीचे नाहीत. तरी खुंटी, म्हणजे मघाची स्टेशनाची पाटी, लागतेच. काश्मीरचे करेवा बघा, पांपोरला ज्या टेकाडांवर केशर होतं ती जुन्या तळ्याच्या गाळाची आहेत. पीर पंजाल वर आला, पाणी अडलं, आणि हजार मीटरपेक्षा जास्त गाळ साठला. १९८० च्या सुमारास बरबँक आणि जॉन्सन यांनी तिथली उलटापालट मोजली, मधे राखेचे थर होते त्यांचं वय दुसऱ्या पद्धतीनं २४ लाखांच्या आसपास आलं, ती खुंटी धरून खाली मोजत गेले तर तळ्याची सुरुवात साधारण ४० लाख वर्षांपूर्वी निघाली. राख नसती तर शंकासूरांचंच म्हणणं खरं ठरलं असतं.

चीनमधे निहेवान खोरं आहे, तेही जुनं तळं, तिथे कामाची राख मिळत नाही. तिथे वरून मोजत आले: आधी ब्रून्हस-मातुयामाची सीमा, तिच्या खाली छोटा सरळ तुकडा हारामियो, त्याच्याही खाली दगडी हत्यारं. मग हारामियो आणि त्याच्या खालचा ओल्डुवाई या दोघांच्या मधे गाळ किती वेगानं साठला तो धरून त्रैराशिक मांडलं. एका जागेला १३ लाख ६० हजार आलं, दुसऱ्या जागेला १६ लाख ६० हजार. आता त्रैराशिक म्हटल्यावर गाळ एकाच वेगानं साठला हे गृहीत आलं, आणि गाळ काही पगारी नोकर नाही. त्यामुळे ते शेवटचे ६० हजार कुणी छातीठोक सांगत असेल तर मी हसतो, पण हारामियोच्या खाली म्हणजे १० लाख ७० हजारांच्या पलीकडे एवढं मी कुठेही लिहून देईन.

पाथर्डीफाटा

लोणारला केलंय का हे कुणी? तिथं तर आयतं जुनं तळं आहे.

कातळकुट्या

लोणारला हे चालणार नाही, आणि का चालणार नाही ते बघण्यासारखं आहे. उल्कापाताचं वय आधी ५० हजार वर्षांच्या आसपास सांगायचे, २०११ मधे आर्गॉन पद्धतीनं ते ५ लाख ७० हजार आलं. यातलं कुठलंही धरा, दोन्ही ७ लाख ७३ हजारांच्या अलीकडेच. म्हणजे लोणारचं अख्खं आयुष्य सरळ कालखंडात गेलं, तिथला गाळ तळापर्यंत खणला तरी उलटा पट्टा भेटायचा नाही. सैबेरियाच्या टोकाला एल्गिगितगिन म्हणून असंच उल्केनं झालेलं सरोवर आहे, पण ते ३६ लाख वर्षांचं, तिथे बर्फावर रिग लावून भोकं पाडली तर गॉसपर्यंतची सगळी उलटापालट ओळीनं मिळाली. तळं जुनंच पाहिजे.

तरुण तळ्यांत बारीक गोष्टी बघतात, उत्तर काही शतकांत पाच-दहा अंश इकडेतिकडे हलते ते, किंवा ४१ हजार वर्षांपूर्वी क्षेत्र थोड्या काळासाठी कोलमडलं होतं ती लाशांप नावाची घटना. पण ते नाजूक काम आहे.

द्राक्षमळा

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं तेव्हा कुठं बसलं डोक्यात. पापुद्र्यांचा पट्टा संपून खाली मुरूम लागलाय काल. आता सरळ सांगा, आमच्या विहिरीत काय निघेल? आणि रिंगा पडायच्या आत मी काय करून ठेवू, कारण सर फोन उचलत नाहीयेत, परीक्षा चालू आहेत म्हणे.

कातळकुट्या

सरळ सांगायचं तर बहुतेक सरळच निघेल. नद्यांकाठचा असा वरचा गाळ पुष्कळदा काही हजार ते काही दहा हजार वर्षांतलाच असतो, आणि सरळ आलं तर त्यातून कळणार एवढंच की बहुधा पावणेआठ लाखांच्या अलीकडचं. ते तर न मोजताही म्हणता आलं असतं. उलटं आलं तर मात्र निफाडला रांग लागेल. शक्यता कमी आहे पण शून्य नाही, म्हणून नमुने घेऊन ठेवायला काय जातंय.

घ्यायचे कसे ते नीट वाचा. जेसीबीनं बाहेर टाकलेल्या ढिगातला तुकडा बिलकुल नको, त्याचं वर कुठलं आणि खाली कुठलं हेच माहीत नसतं, मग तो नुसता चिखल. विहिरीच्या भिंतीवर हातभर आत तासून ताजा उभा पृष्ठभाग करा, पृष्ठभागावरचा वाळलेला भाग नको. लोखंडी पाटी-फावडं तासायला चालेल, पण शेवटचा बोटभर भाग प्लास्टिकच्या नाहीतर पितळी पट्टीनं. मग प्लास्टिकच्या छोट्या चौकोनी डब्या, दोन-अडीच सेंटिमीटरच्या, त्या आडव्या भिंतीत दाबून पूर्ण भरायच्या. काढायच्या आधी डबीच्या पाठीवर मार्करनं वरच्या दिशेला बाण. त्याच उंचीवर तीन-चार डब्या, मग फूटभर खाली पुन्हा तेवढ्याच, असं मुरमापर्यंत. जमिनीपासूनची खोली टेपनं मोजून डबीवर लिहा. झाकण लावून चिकटपट्टी, कारण वाळून आकसलं की कण हलतात. आणि घरी नेऊन स्पीकरपाशी ठेवू नका, तो चुंबकाचा प्रयोग या डब्यांवर तर अजिबातच नको.

उत्तर दिशेची खूण जमली तर करा, विहिरीत जेसीबी आणि सळया असतील तर होकायंत्र खोटं बोलेल, त्यापेक्षा वर काठी उभी करून सावलीची दिशा आणि वेळ लिहून ठेवा. पण समजा उत्तर चुकली तरी एवढं बिघडत नाही. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवर आहोत, इथं सरळ काळातली दिशा सरासरी ३६ अंश जमिनीत खाली झुकते आणि उलट्या काळातली तेवढीच वर डोकं काढते. म्हणजे नुसतं वर-खाली बरोबर असलं तरी सरळ-उलट कळतं. गाळ दबताना तो कोन थोडा सपाट होतो, तरी खाली का वर एवढं सांगण्यापुरता उरतो. बाणाची चूक मात्र भोवेल, बाण उलटा झाला तर ज्याला उत्तर सरळ यायचं त्याला उलट येईल आणि शंकासूर आपल्याला जगू देणार नाहीत.

शंकासूर

नाहीच देणार. तासताना एकटे खाली उतरू नका दादा, ओल्या गाळाच्या भिंती ढासळतात, कमरेला दोर आणि वर दोन माणसं ठेवा.

अश्मयुगीण

आणि शंख विसरू नका, निफाडसाठी मला चुंबकापेक्षा त्यांचंच महत्त्व जास्त वाटतं. प्रत्येक खोलीचे वेगळे प्लास्टिकच्या पिशवीत, कापसात गुंडाळू नका, धुऊही नका. कोळशाचा कण दिसला तर तो सोन्यासारखा जपा, फॉइलमधे ठेवा. कार्बन-१४ साधारण ५० हजार वर्षांपर्यंत चालतं आणि तुमचा पट्टा त्यात बसायची शक्यता बरीच आहे. शंखांची तारीख मात्र खऱ्यापेक्षा जुनी यायची भीती असते, कारण चुनखडीच्या पाण्यातला मेलेला कार्बन गोगलगाय शंखात घालते, म्हणून कोळसा मिळाला तर आधी तो मोजतात आणि शंख ताडून बघायला वापरतात. कोळसा नाहीच मिळाला तर वाळूच्या कणांवरची प्रकाशाची पद्धत आहे, तिला अंधारात घेतलेला नमुना लागतो, पत्र्याचा नाहीतर काळ्या पीव्हीसीचा पाइप भिंतीत ठोकून दोन्ही टोकं लगेच काळ्या टेपनं बंद करायची. द्राक्षबागेत ठिबकचे तुकडे पडलेले असतीलच पण ते बारीक पडतील, दोन इंची घ्या. सरांच्या परीक्षा संपल्या की लॅबला पत्र त्यांच्याकडूनच जाऊ द्या, शेतकऱ्याच्या नावानं आलेल्या डब्या कोपऱ्यात पडून राहतात.

द्राक्षमळा

दोन इंची पाइप आहे, डब्या कुंकवाच्या मिळतात रविवार कारंजावर, त्या बघतो चौकोनी आहेत का. रिंगवाल्याला चार दिवस पुढे ढकललंय, तो चिडलाय पण ठीके.

कातळकुट्या

गोल असल्या तरी चालतील, बाण तेवढा काढा.